दुतोंड्या मारुती आणि आमचे अण्णा

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली त्या दिवशी मी त्यांचा फोटो फेसबुकवर टाकला, हार घातलेला नाही, स्कूटरवर बसलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि खाली लिहिलं की आवाज न चढवता मुलांना कसं घडवायचं हे ज्यांनी दाखवलं ते माझे अण्णा, देवमाणूस. नातेवाईकांचे, कॉलनीतल्या लोकांचे, माझ्या ऑफिसातल्यांचे सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी आले. रात्री साडेदहाला पुण्याहून भावाचा फोन. म्हणाला, "ताई, ही पोस्ट कोणाबद्दल आहे?" मला वाटलं त्याचाही गळा भरून आलाय म्हणून असं विचारतोय, म्हणलं अरे अण्णांबद्दलच. तो बराच वेळ काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, "आवाज न चढवता? मग मी कुठल्या घरात वाढलो गं?" आणि फोन ठेवला.

मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. खरंच नाही बोलले. नवऱ्याला सांगितलं की लग्नानंतर बदललाय तो, आईला सांगितलं की गेलेल्या बापाबद्दल असं बोलवतं तरी कसं. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही, एवढंच म्हणाली, "मेली म्हैस मणभर दूध." मला तेव्हा तिचाही राग आला होता, पण तो राग आहे हे मला कळलं नव्हतं, कारण मी कधी चिडत नाही असं माझं स्वतःबद्दल ठाम मत होतं. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी अण्णांबद्दल जे खरं आहे ते. आमचं घर नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकापासून आत. अण्णा एमआयडीसीत मशीनवर, फर्स्ट सेकंड थर्ड असं आठवड्या-आठवड्याला शिफ्ट बदलायची, ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, मिळाली की सोडायचे नाहीत. मला तिसरीत टायफॉईड झाला तेव्हा आठ रात्री तो माणूस माझ्या उशाशी बसून होता, कपाळावरची घडी गरम झाली की पुन्हा भिजवून ठेवायची, आणि सकाळी तसंच फर्स्टला जायचं. मी पहिली आले की पवननगरच्या मार्केटमधून येताना जिलबी आणायचे. हे सगळं घडलेलं आहे, यातलं काही मी रंगवून सांगत नाहीये. म्हणूनच मला पुढचं समजायला चाळिशी उलटावी लागली.

झोप येईनाशी झाली म्हणून मी गंगापूर रोडच्या एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले, अण्णांचा विषय माझ्या डोक्यातही नव्हता. तिसऱ्या की चौथ्या वेळेला त्या म्हणाल्या, वडिलांची तुम्हाला न आवडलेली एखादी गोष्ट सांगा. मी म्हणलं, ते स्वतःच्या तब्येतीकडे लक्षच द्यायचे नाहीत, जे काय करायचं ते आमच्यासाठी. त्या म्हणाल्या, ही तर पुन्हा चांगलीच गोष्ट झाली, न आवडलेली सांगा. मी विचार केला, खूप केला, बाहेर शाळा सुटली होती, रिक्षांचे हॉर्न चालू होते, आणि मी सांगितलं काय तर ते चहात साखर फार घ्यायचे. पस्तीस वर्षं एका माणसाबरोबर काढली आणि मला एवढंच सापडलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीवर एक शब्द लिहून माझ्याकडे सरकवला, आदर्शीकरण.

तर हा शब्द. मनोविश्लेषणाची सुरुवात करणाऱ्या फ्रॉइडने १९१४ साली स्वतःवरच्या प्रेमाबद्दल, म्हणजे नार्सिसिझमबद्दल जो निबंध लिहिला त्यात हे येतं, की समोरचा माणूस आहे तसाच राहतो, त्याच्यात काडीचाही फरक पडत नाही, फक्त आपल्या मनात तो मोठा मोठा होत जातो. प्रेमात पडलेल्या माणसाला हे सगळ्यात लवकर पटेल. पण मला ज्याने हलवलं ते मेलनी क्लाइनचं म्हणणं. ती व्हिएन्नात जन्मलेली, नंतर लंडनला गेली, लहान मुलांच्या खेळावरून त्यांचं मन वाचायची. १९४६ च्या तिच्या एका निबंधात असा विचार आहे की अगदी तान्हं मूल आईचे दोन तुकडे करतं, एक सगळी चांगली आणि एक सगळी वाईट, कारण जी दूध देते आणि जी रडवत ठेवते ती एकच बाई आहे हे त्याच्या जीवाला पेलवत नाही. आणि वाईट तुकड्याची भीती जेवढी जास्त तेवढा चांगला तुकडा जास्त उजळ करावा लागतो. म्हणजे आपण ज्याला देव करतो त्याच्यामागे नुसतं प्रेम नसतं, भीतीही असते. मी बाईंना म्हणलं, हे माझ्याबाबतीत लागू नाही, मी अण्णांना कधीच घाबरत नव्हते.

आता मारुतीची गोष्ट.

नाशिकच्या बाहेरच्यांसाठी सांगते, रामकुंडाच्या जवळ गोदावरीच्या पात्रात (आम्ही गंगाच म्हणतो, गंगेवर जाऊन येतो असंच म्हणतो) दोन तोंडांचा मारुती उभा आहे, एक तोंड या बाजूला, एक त्या बाजूला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की पूर किती आलाय हे आम्ही क्युसेकमध्ये मोजत नाही, मारुतीवर मोजतो. पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला, गळ्याला. गळ्याला आलं म्हणजे सराफ बाजारवाले दुकानं रिकामी करायला धावतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर डोक्यावरून गेलं होतं, मारुती दिसतच नव्हता, अख्खं नाशिक पुलावर उभं राहून जिथे तो असतो त्या जागेकडे बघत होतं.

तर समुपदेशन चालू असतानाच्या ऑगस्टमध्ये पाऊस लागला आणि सगळ्या ग्रुपवर मारुतीचे फोटो फिरायला लागले. दोन महिने न बोललेल्या भावाने मला तसा एक फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द, "कमरेला". बाकी काही नाही. मी ऑफिसात होते, डबा उघडलेला, आणि तो शब्द वाचून माझे हात गार पडले. कारण तो पुराचा शब्द नव्हता. तो आमच्या दोघांचा शब्द होता.

अण्णांची स्कूटर गेटशी आली की ते ती स्टँडवर चढवायचे. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं. हळू, दोन टप्प्यात, खट आणि मग थोड्या वेळाने खट, म्हणजे ठीक आहे, ओटी लागलीये किंवा सुपरवायझर काही बोललेला नाही. एकदम एकच खाड्कन आवाज आला की आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि ओठातल्या ओठात म्हणायचो, गुडघ्याला. कमरेला. मी टीव्ही बंद करायची, वरून हात लावून बघायची की फार गरम नाही ना, भाऊ खेळणी पलंगाखाली ढकलायचा, आई गॅस बारीक करायची. स्टँड चढवल्यावर लाथ मारल्यासारखा आवाज आला तर म्हणायचो गळ्याला, आणि मग भाऊ मागच्या दाराने निघून जायचा. मी नऊ वर्षांची, तो सहा. हे सगळं मी विसरले होते असंही नाही, म्हणजे लक्षात होतं पण खेळ म्हणून लक्षात होतं, लहानपणीचा एक मजेशीर खेळ. ज्या बापाला आपण कधी घाबरलोच नाही त्याच्यासाठी दोन पोरांना कोड कशाला लागला?

पुढच्या वेळी मी बाईंकडे जाऊन हे सांगितलं आणि मग तासभर फक्त रडले. पट्टा आठवला. पट्टा भिंतीवरच्या खिळ्याला असायचा, कॅलेंडरच्या शेजारी. मला तो कधीच लागला नाही. मी हुशार, मी पहिली, मी जिलबीची. भावाला गणितात कमी पडले की, दूध सांडलं की, कधी कधी काही न होताही. मारताना अण्णा ओरडायचे नाहीत हे मात्र खरं, दात आवळून मारायचे, म्हणून माझ्या डोक्यात राहिलं की आमच्या घरात आवाज चढत नव्हता. मी ती पोस्ट खोटं बोलायला लिहिली नव्हती हो. माझ्या मनाने उरलेल्या तुकड्यांमधून एक पूर्ण माणूस तयार केला होता आणि मी त्याच्यावर मनापासून प्रेम करत होते.

मारुती दोन तोंडांचा आहे ना, मी कायम एका बाजूला उभी होते आणि भाऊ दुसऱ्या.

भावाचं मात्र वेगळंच. मी त्याला फोन केला, माफी मागितली, तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "जाऊ दे ताई, मी पण वांडच होतो, दुसरा बाप असता तरी मारलंच असतं." हे तो आजचं म्हणत नव्हता, हे मी त्याच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं वाक्य आहे, मीच वांड. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला फेअरबेर्नबद्दल सांगितलं आणि ते ऐकून मला त्या रात्री परत झोप आली नाही. हा एडिंबराचा स्कॉटिश डॉक्टर, घरात हाल झालेल्या मुलांना तपासायचा. त्याला दिसलं की ही मुलं आईबापांना वाईट म्हणायला तयारच होत नाहीत, उलट स्वतःला वाईट म्हणवून घ्यायला लगेच तयार. १९४३ मध्ये त्याने याचं कारण लिहिलं. मुलाला बाप बदलता येत नाही, घर सोडून जाता येत नाही. मग बाप वाईट आहे असं मानलं तर सगळं जगच वाईट हातात आहे, सुटकाच नाही. त्यापेक्षा मी वाईट आणि बाप चांगला असं मानलं तर निदान आशा राहते, मी सुधारलो की सगळं नीट होईल. देवाच्या राज्यात पापी म्हणून जगणं सैतानाच्या राज्यात जगण्यापेक्षा बरं, असं तो म्हणतो. माझा भाऊ अडतीस वर्षांचा आहे, त्याला स्वतःचा मुलगा आहे, आणि तो अजून अण्णांना चांगलं ठेवण्यासाठी स्वतःला वांड म्हणतोय. म्हणजे पोस्ट मी लिहिली पण अण्णांचं मखर आम्ही दोघांनी मिळून उभं केलं होतं, मी फुलं लावून आणि तो खाली खांदा देऊन.

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे, नाहीतर वाचून कोणी घरी जाऊन आपल्या आठ वर्षांच्या पोराला सांगेल की बाप म्हणजे काही देव नाही. आईबाप मोठे वाटणं ही लहान मुलाची गरज आहे. कोहुट म्हणून शिकागोचा मानसोपचारतज्ज्ञ होता, त्याने १९७१ च्या पुस्तकात हे फार बारकाईने मांडलंय, की मुलाला कोणीतरी शांत, ताकदवान माणूस लागतो ज्याच्या खांद्याला टेकून ते स्वतः शांत व्हायला शिकतं. मग तो माणूस थोडा थोडा उतरत जातो, आज शब्द पाळला नाही, उद्या गणित चुकलं, आणि दर वेळी जेवढा तो उतरतो तेवढी ताकद मुलाच्या आत तयार होत जाते. हे हळू व्हावं लागतं. आमच्याकडे ते हळू झालंच नाही. भावासाठी अण्णा एकदम कोसळले आणि माझ्यासाठी ते कधी उतरलेच नाहीत.

आणि जो देव आपल्या मनात उतरत नाही त्याची मग बाहेर शोधाशोध चालू राहते. माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब, मी त्यांच्याबद्दल घरी इतकं बोलायचे की आई कंटाळायची, साहेब असे आणि साहेब तसे. एकदा त्यांनी माझी रजा नामंजूर केली, साधी रजा, आणि त्या संध्याकाळी माझ्या मनातून तो माणूस असा उतरला की मी पुढे त्यांना नीट नमस्कारसुद्धा केला नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये काढलेल्या डीएसएमच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या त्यांच्या पुस्तकाच्या, चौथ्या आवृत्तीत मनाच्या संरक्षण यंत्रणांची एक श्रेणी मागे जोडलेली आहे, त्यात आदर्शीकरण आणि अवमूल्यन एकाच पायरीवर ठेवलेत, आणि त्यांच्याच शेजारी स्वतःला सर्वशक्तिमान समजणं. मला ते वाचून वाटलं, हे तिघं तर एकाच घरात राहतात. डोक्यावर घेणं आणि पायदळी तुडवणं यात मधला रस्ताच नाही.

तिसरं, म्हणजे स्वतःला मोठं करणं, ते माझ्यात कुठे आहे हे मला लवकर दिसलं नाही. मला वाटायचं स्वतःला आदर्श समजणारी माणसं बढाया मारतात, मी तर कधी मारत नाही. पण माझी बढाई वेगळी होती. मी समजूतदार. ताई कधी चिडत नाही, ताई सगळ्यांचं बघते, ताईला काही लागत नाही. कॅरेन हॉर्नी नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५० मध्ये लिहिलंय की लहानपणी असुरक्षित वाटलेलं माणूस स्वतःची एक आदर्श प्रतिमा बनवतं आणि मग आयुष्यभर त्या प्रतिमेची चाकरी करतं, मी असंच असलं पाहिजे, मी तसंच वागलं पाहिजे, या 'पाहिजे'ची जुलूमशाही. मी पहाटे पाचला उठते, सासूबाईंचं औषध, मुलीचा डबा, ऑफिस, आईकडे चक्कर, आणि कोणी म्हणलं जरा बस गं की मला बसताच येत नाही, बसलं की छातीत धडधडतं. का ते आता कळतंय. पट्टा मला कधी लागला नाही कारण मी पहिली यायचे. मग पहिलं येणं थांबवून कसं चालेल?

पण या सगळ्यात मला ज्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अजून सांगितलंच नाही.

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला फ्री सीट हुकली, जास्त फीची पेमेंट सीट मिळाली. त्याच सुमाराला अण्णांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतलेली, पैसा एका मित्राच्या धंद्यात घातला आणि तो बुडाला. तरी माझी फी भरली गेली. मी सगळीकडे सांगत आले, पोस्टमध्येही लिहिलं होतं, की नोकरी गेली तरी अण्णांनी माझं शिक्षण थांबवलं नाही. मागच्या वर्षी आईला घेऊन सराफ बाजारात गेले होते, मुलीसाठी कानातलं घ्यायचं होतं, आणि आई एका दुकानापाशी थांबली, पायरीकडे बघत राहिली. म्हणलं काय गं. म्हणाली, "इथेच मोडल्या होत्या." काय मोडल्या? "पाटल्या. तुझ्या फीच्या वेळी." चार पाटल्या, तिच्या आईने घातलेल्या. एकटी आली होती बसने, अण्णांना सांगितलंही नव्हतं, पैसे हातात दिले आणि म्हणाली माझ्या भावाकडून आणलेत, म्हणजे त्यांना कमीपणा नको वाटायला. वीस वर्षांच्या वर झाली. तिचे हात मोकळे होते वीस वर्षं, मी रोज बघत होते, आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही की पाटल्या कुठे गेल्या. माझ्या गोष्टीत एकच देव होता आणि त्याला सगळं वाहून झालं होतं, आईच्या वाट्याला काही उरलंच नाही. मी तिला म्हणलं, तू कधी बोलली का नाहीस? तर ती म्हणाली, तू इतक्या कौतुकाने सांगायचीस, कशाला मोडायचं.

त्यानंतर माझं जे व्हायचं ते झालं, लंबक दुसऱ्या टोकाला गेला. घरी येऊन मी अण्णांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. चार-पाच महिने मला त्यांची एकही चांगली गोष्ट आठवेना, टायफॉईडच्या रात्रीसुद्धा मला वाटायला लागलं की ते मला झोपू देत नव्हते. बाईंनी सांगितलं होतं की असं होईल, तरी त्या दिवसांत मला खात्री होती की आत्ता कुठे मला खरं दिसतंय.

फोटो आईनेच परत लावला, मला न विचारता. म्हणाली, "मारायचे ते वाईटच होतं. मी अडवायला पाहिजे होतं, नाही अडवलं, तेही वाईट. पण तुझ्या आजारपणात मी बाळाला घेऊन दमून झोपायचे आणि हेच बसायचे, ते काय खोटं नाही." आणि खिळा घट्ट आहे का बघायला तिने फोटो थोडा हलवून बघितला. मी भिंतीकडे बघत होते, तो पट्ट्याचाच खिळा होता. तिला ते लक्षात होतं की नाही, मी विचारलं नाही.

या दिवाळीत भाऊ आला. अण्णांची स्कूटर इतकी वर्षं जिन्याखाली पडून होती, पवननगरचा एक मेकॅनिक न्यायला तयार झाला म्हणून त्याने ती बाहेर काढली. बाहेर काढून गेटशी स्टँडवर चढवली, गंजलेलं स्टँड, जोर लावावा लागला, आणि खाड्कन तो आवाज झाला. मी ओट्यापाशी होते. माझा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला. बाहेर आले तर भाऊ तसाच हँडल धरून उभा होता, माझ्याकडे बघून म्हणाला, "कमरेला." मी म्हणलं, "गळ्याला रे." आणि मग मी त्याला विचारलं, जे मी कधी विचारलं नव्हतं, की गळ्याला असलं की तू मागच्या दाराने कुठे जायचास. मला वाटायचं पतंग उडवायला, क्रिकेटला, कुठेतरी खेळायला.

तो मला गच्चीवर घेऊन गेला. शेजाऱ्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर उतरता येतं, तो तसा यायचा म्हणे. जिथे आता काळी प्लास्टिकची टाकी आहे तिथे आधी सिमेंटची होती, तिच्या आणि कठड्याच्या मध्ये हातभर जागा, तो तिथे बसायचा. "किती वेळ?" "अंधार पडेपर्यंत. कधी तू जेवायला हाक मारेपर्यंत." मी हाका मारायचे हे मला आठवतं, आणि तो इतक्या लवकर कसा यायचा याचं नवल वाटायचं.

मी तिथे बसून बघितलं. पाय पोटाशी घ्यावे लागतात. समोर पांडवलेणीचा डोंगर दिसतो, आणि कठड्याच्या जाळीतून खाली बरोबर आमचं गेट दिसतं, स्कूटर उभी असलेली, आणि स्वयंपाकघराची खिडकी, जिथे मी उभी असायचे.